स्वस्त रोमन नाणी : ओळख आणि मोल



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले. मी पंडित नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढची सतरा वर्षे मी फाउंड्रीत साचे भरले आणि त्यानंतर आजतागायत कामगार संघटनेचे काम करीत आलो. चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी महागाई भत्त्यावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘रोमन नाणी’ असे सांगितले. पलीकडे थोडा वेळ कोणी काही बोललेच नाही. शेवटी ते म्हणाले, “अण्णा, चालेल, पण लोकांना समजेल असे बोला.” तेवढे वचन मी पाळण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम, माझ्यासारख्या माणसाचा या नाण्यांशी संबंध आला कसा, ते सांगितले पाहिजे. रद्दीच्या दुकानात मला टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर मिळाले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचू लागलो. आरंभीच एक हकीकत आहे. इसवी सन 14 मध्ये सम्राट ऑगस्टस वारला. ही बातमी पॅनोनिया प्रांतातल्या छावणीत पोचली आणि तेथल्या तीन पलटणींनी बंड केले. त्यांचा पुढारी पर्केनियस नावाचा साधा शिपाई होता. पूर्वी तो नाटकगृहात टाळ्या वाजविणाऱ्यांचा म्होरक्या होता. त्याचे म्हणणे असे की, आमच्या देहाची आणि जिवाची किंमत रोज दहा अस एवढीच आहे. त्यातूनच कपडे, त्यातूनच शस्त्रे, त्यातूनच तंबू. आम्हांला रोज एक देनारियस द्या आणि सोळा वर्षांनी घरी जाऊ द्या. एका देनारियसचे सोळा अस होत. म्हणजे दहाचे सोळा करा, एवढीच ती मागणी! नव्या सम्राटाचा मुलगा बोलणी करायला आला, आणि त्याने पर्केनियसला मारविले.

मंडळी, मागणीपत्रे लिहिण्यात माझा जन्म गेला. दोन हजार वर्षांपूर्वीचे मागणीपत्र मी प्रथमच वाचत होतो. ज्या नाण्यासाठी त्या माणसाचा जीव गेला, ते नाणे एकदा हातात घ्यावे असे मला वाटू लागले. ती ओढ मला पुढे चांगलीच महागात पडली.

एका मोठ्या शहरातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे मला सम्राट टायबेरियसचा देनारियस दिसला. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेले डोके, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली स्त्री. तीन हजार रुपये मोजून मी तो घेतला आणि आनंदात घरी आलो. दुसऱ्या दिवशी संघटनेच्या कचेरीत एका तरुण मोल्डरला तो दाखविला. त्याने नाण्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. नाणे उभे धरले, कडेवरून नख फिरवले आणि म्हणाला, “अण्णा, हा नग ओतलेला आहे. कडेला जोड दिसतोय की.” सतरा वर्षे ओतकाम केलेल्या माणसाला बावीस वर्षांच्या पोराने ओतकाम ओळखून दाखविले! माझी नजर सम्राटाच्या तोंडावर खिळली होती. शिवाय, अस्सल टायबेरियस बऱ्या स्थितीत असेल तर आज त्याला वीस-तीस हजार रुपये पडतात. तो मला तीन हजारांत का मिळावा, हा प्रश्नही मी स्वतःला विचारला नव्हता.

तेव्हा पहिला धडा हा. आपल्या भाषेत आपण नाणे ‘पाडतो’ असे म्हणतो, आणि ते अगदी बरोबर आहे. रोमन टांकसाळीत धातूची चकती खालच्या आणि वरच्या ठशांमध्ये ठेवून हातोड्याने घाव घालीत. त्या घावाने धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, कड कधी कधी फाटते, अक्षरांच्या कडा धारदार उमटतात. ओतलेल्या नकलेत अक्षरे साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी बोथट दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, आणि कडेला जोड किंवा तो घालविताना पडलेले कानशीचे ओरखडे असतात. वजनातही फरक पडतो. एक गोष्ट आणखी. हाताने पाडलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. तोच ओरखडा, तोच खळगा दोन नाण्यांवर दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातली समजावीत. म्हणून नवशिक्याने चांदीपासून आरंभ करू नये. आरंभ तांब्यापासून करावा. तेही चौथ्या शतकातल्या लहान, काळपट-हिरवट नाण्यांपासून. खोटेपणा तेथेही चालतो, पण हजार रुपयांच्या नाण्यासाठी मेहनत घेणारे लबाड थोडे.

येथे आपण विचाराल, सतराशे वर्षांचे जुने नाणे आणि हजार रुपये? होय. जुनेपणा आणि दुर्मिळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोमन साम्राज्यात टांकसाळी लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत पसरलेल्या होत्या, आणि त्यांतून नाण्यांचा पूर लोटत होता. लोक आपली साठवण मडक्यात घालून पुरून ठेवीत, आणि पुष्कळांना ती परत उकरून काढणे नशिबात नव्हते. 2010 साली इंग्लंडात सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ एका मडक्यात 52,503 नाणी सापडली. 2016 साली स्पेनमध्ये सेव्हिलजवळ तोमारेस येथे चर खणताना 19 रांजण निघाले. आत सुमारे 600 किलो ताम्रनाणी होती. सम्राटाचा चेहरा असला तरी हा गरिबाच्या कनवटीचा पैसा आहे, आणि म्हणूनच तो आज आपल्याला परवडतो.

आता ओळखायचे कसे? आपल्यापैकी पुष्कळांनी शिवराई पाहिली असेल. झिजलेल्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे कधीच पुरी दिसत नाहीत. कोठे ‘रा’ दिसतो, कोठे ‘शि’ची वेलांटी. पण काय लिहिलेले असावे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून अर्ध्या अक्षरावरून आपण सगळे वाचतो. रोमन नाणे असेच वाचायचे असते. त्याला लॅटिन पंडित व्हावे लागत नाही. शंभरएक शब्दांत काम भागते.

पायऱ्या पाच आहेत. पहिली, माप. सराफाचा लहान काटा आणि एक पट्टी जवळ ठेवा. तीस मिलिमीटरच्या वर आणि वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचे पितळेचे नाणे असेल, तर ते पहिल्या तीन शतकांतले सेस्टर्शियस. सतरा-एकोणीस मिलिमीटर आणि तीन-साडेतीन ग्रॅम चांदी, तर देनारियस. पंधरा-अठरा मिलिमीटरचे दोन ग्रॅमच्या आसपासचे तांबे बहुधा चौथ्या शतकातले.

दुसरी पायरी, डोक्यावर काय आहे? पानांचा मुकुट हा सम्राटांचा जुना अलंकार. सूर्यकिरणांसारखा टोकदार मुकुट असेल, तर ते नाणे सामान्यतः दुहेरी किमतीचे. सम्राट काराकाला याने 215 साली असे किरणमुकुटाचे नाणे काढले. दोन देनारियसची किंमत आणि दीड देनारियसचे वजन, असा तो व्यवहार होता. मोत्यांची पट्टी डोक्याला बांधलेली असेल, तर ते नाणे कॉन्स्टंटाईनच्या उत्तर आयुष्यातले किंवा त्यानंतरचे. म्हणजे साधारण 325 च्या पुढचे.

तिसरी पायरी, भोवतालची अक्षरे. रोमन लोक ‘यू’ऐवजी ‘व्ही’ कोरीत आणि शब्दांत जागा सोडीत नसत. ‘ए-व्ही-जी’ म्हणजे ऑगस्टस, अर्थात सम्राट. ‘आय-एम-पी’ म्हणजे इम्पेरातोर. ‘डी-एन’ म्हणजे ‘आमचे धनी’. ही अक्षरे दिसली की नाणे उत्तरकाळातले. ‘एन-ओ-बी’ आणि पुढे ‘सी’ म्हणजे युवराज. नवशिक्याला सगळ्यांत जास्त चकविते ते कॉन्स्टंटाईनचे घराणे. बाप कॉन्स्टंटाईन, मुलगे कॉन्स्टंटाईन, कॉन्स्टान्शियस आणि कॉन्स्टान्स. पहिली सात अक्षरे सगळ्यांची सारखी. म्हणून नावाचा आरंभ पाहू नये, शेवट पाहावा.

चौथी पायरी, मागची बाजू. लांडगीला दूध पिणारी दोन बाळे दिसली, तर ते रोम शहराचे नाणे. जहाजाच्या नाळेवर पंख असलेली देवता दिसली, तर ते कॉन्स्टँटिनोपलचे. नव्या राजधानीची प्रतिष्ठापना 330 साली झाली, त्या सुमारास ही दोन्ही नाणी एकदमच निघाली. घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला मारणारा शिपाई दिसला, तर ते 348 नंतरचे. पंखवाली देवता कैद्याला ओढीत नेत असेल आणि नाणे करंगळीच्या नखाएवढे असेल, तर चौथ्या शतकाची अखेर.

पाचवी पायरी मला सर्वांत आवडते. मागच्या चित्राच्या तळाशी एक रेघ असते आणि रेघेखाली तीन-चार अक्षरे. ती टांकसाळीची खूण. ‘पी-एल-ओ-एन’ म्हणजे लंडन, ‘टी-आर’ म्हणजे ट्रिअर, ‘एस-आय-एस’ म्हणजे सिस्किया, ‘एस-एम-ए-एन’ म्हणजे अँटिऑक, ‘ए-एल-ई’ म्हणजे अलेक्झांड्रिया. शहराच्या अक्षरांशेजारी आणखी एक अक्षर असते, ते त्या टांकसाळीतल्या शाखेचे. आमच्या फाउंड्रीत प्रत्येक नगावर हीट नंबर उठवीत असत. नग तडकला तर कोणत्या पाळीने ओतला, हे साहेबाला कळावे म्हणून. नाणे हलके निघाले तर कोणत्या शाखेला धरायचे, हे कळावे म्हणून ते अक्षर. सतराशे वर्षांपूर्वीच्या कामगाराची तेवढीच सही आपल्या हातात येते.

आता एक नाणे वाचूनच पाहू. माझ्याजवळ असलेले हे पहिले नाणे. अठरा मिलिमीटर, वजन अडीच ग्रॅमला थोडे कमी. मागे दोन शिपाई भाले घेऊन उभे, आणि त्यांच्या मध्ये दोन निशाणे. भोवताली ‘ग्लोरिया एक्सेर्कितुस’, म्हणजे ‘सैन्याचे वैभव’. हे दुसरे नाणे. तेच दोन शिपाई, तीच अक्षरे. पण मध्ये निशाण एकच. पहिला प्रकार 330 च्या सुमारास सुरू झाला, दुसरा 335-36 च्या सुमारास. मधल्या काळात काय झाले? नाण्याचे वजन कमी केले. अडीच ग्रॅमचे दीड-पावणेदोन ग्रॅम झाले. चकती लहान झाली, दोन निशाणांना जागा पुरेना, म्हणून एक काढून टाकले. शिपाई तेच, ‘वैभव’ तेच, अक्षरही बदलले नाही. नाणे मात्र आकसले.

पुढे 348 साली नवे नाणे निघाले. त्यावर शब्द होते, ‘फेल टेंप रेपारातियो’. अर्थ असा की ‘सुखाचे दिवस परत आले’. आरंभी त्याचे मोठे नाणे पाच ग्रॅमच्या घरात होते, आणि तांब्यात थोडी चांदीही मिसळलेली होती. दहा-बारा वर्षांत चांदी गेली आणि वजन दोन-अडीच ग्रॅमवर आले. सुखाचे दिवस परत आल्याची घोषणा मात्र शेवटपर्यंत नाण्यावर होती.

ही दोन निशाणांची गोष्ट प्रथम समजली तेव्हा मला झोप लागली नाही. कारण सांगतो. 1996 साली मी फाउंड्रीतल्या युनियनचा चिटणीस होतो. तीन वर्षांचा करार करायचा होता. व्यवस्थापन म्हणाले, महागाई निर्देशांकाची कटकट सोडा, त्याऐवजी ठोक वाढ घ्या. आकडा मोठा होता. मी सही केली. गेटवर मला हार घातले, गुलाल उधळला. तिसऱ्या वर्षी फेटलिंगमधले एक म्हातारे तात्या मला बाजारात भेटले. रागावले नाहीत. हातातली पिशवी वर करून एवढेच म्हणाले, “आकडा वाढला रं, पर पिशवी भरंना.” मला त्यांना उत्तर देता आले नाही. मी कामगारांना ‘वैभव’ मिळवून दिले होते, आणि मधले एक निशाण कमी झालेले मला दिसले नव्हते.

रोमन मजुराचेही असेच झाले. 301 साली सम्राट डायोक्लेशियन याने हजाराहून अधिक वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले. अधिक भाव घेणाऱ्यास देहदंड. त्या यादीत गव्हाच्या लष्करी मापाला शंभर देनारियस लिहिले आहेत. शेतमजुराची मजुरी पोटाला अन्न आणि रोज पंचवीस देनारियस, सुताराची पन्नास. पर्केनियसने रोजचा एक देनारियस मागितला आणि जीव गमावला. तीन शतकांनी शेतमजुराला पंचवीस मिळत होते, आणि गव्हाच्या एका मापासाठी त्याला चार दिवस राबावे लागे. देनारियस हे नाव उरले होते, चांदी उरली नव्हती. आणि गंमत पाहा, त्या हुकुमाने भावाबरोबर मजुरीचीही कमाल मर्यादा बांधून टाकली!

चांदी कोणी खाल्ली, याचा दोष एकदा टांकसाळीच्या कामगारांवर आला. 271 च्या सुमारास, ऑरेलियन सम्राटाच्या वेळी, रोममधल्या नाणी पाडणाऱ्या कामगारांनी बंड केले. कायलियन टेकडीवर लढाई झाली आणि सात हजार सैनिक पडले, असे जुने इतिहासकार लिहितात. कामगार नाण्यात भेसळ करीत होते, असेही ते लिहितात. ऑरेलियनच्या आधीच सम्राटांच्या हुकुमाने चांदी शेकडा दोन-चार टक्क्यांवर आली होती, हे आज नाणी तपासून कळते. कामगारांची बाजू लिहून ठेवणारा तेथे कोणी नव्हता. ऑरेलियनचे किरणमुकुटाचे नाणे आजही दोन-तीन हजारांत मिळते. माझ्या संग्रहात ते आहे.

आता मोलाकडे वळतो, कारण प्रश्न तोच विचारला जातो. किंमत ठरते ती अशी. पहिली गोष्ट स्थिती : चेहरा, नाव आणि तळाची खूण ही तिन्ही वाचता येतात काय? झिजलेले नाणे हजारात मिळत असेल, तर तेच नाणे उत्तम स्थितीत चार-पाच हजारांना जाते. दुसरी, ठसा मध्यभागी बसला आहे की अक्षरे कडेबाहेर गेली आहेत. तिसरी, वरचा थर. गुळगुळीत, एकसारखा हिरवा किंवा तपकिरी थर हा नाण्याचा दागिना आहे. चौथी, विरळपणा. कॉन्स्टंटाईनचे लंडनचे नाणे त्याच्या अँटिऑकच्या नाण्यापेक्षा महाग, कारण ती टांकसाळ थोडी वर्षे चालली. ज्यूलियनने 361 ते 363 एवढेच एकट्याने राज्य केले. त्याचे बैलाचे मोठे नाणे म्हणून महाग. पाचवी, नाणे कोठून आले याचा कागद.

आणि भाव पाहायचा तो दुकानदाराच्या चिठ्ठीवर पाहू नका. लिलावात प्रत्यक्ष काय मिळाले ते पाहा. मागणीपत्रातला आकडा आणि करारातला आकडा यांत जेवढे अंतर, तेवढेच येथे असते. हे निकाल आज संगणकावर फुकट पाहता येतात. रोमन साम्राज्याच्या नाण्यांची दहा खंडांची सूची 1923 पासून 1994 पर्यंत छापून पुरी झाली. तिच्यावर आधारलेली सूची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने सर्वांसाठी खुली केली आहे. ज्याला ग्रंथालय परवडत नाही, त्यालाही आता ती पाहता येते.

थोड्या सूचना सांगतो. घरी आणल्यावर नाणे चिंच-मिठाने घासू नका. देवाच्या तांब्याला जे लागते ते या नाण्याला विष आहे. सतराशे वर्षांचा थर पाच मिनिटांत जातो आणि किंमत चौथाईवर येते. माती असेल तर शुद्ध पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजवा, पाणी बदलत राहा, आणि लाकडी काडीने हळूहळू काढा. फिक्या हिरव्या रंगाची भुकटी सुटू लागली, तर तो रोग आहे. तो ओल आणि क्षार यांनी होतो. ते नाणे वेगळे करा आणि कोरडे ठेवा. पावसाळ्यात विशेष जपा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा. आणि मातीसकट विकल्या जाणाऱ्या पुड्यांच्या मोहात पडू नका. चांगले नग आधीच निवडून काढलेले असतात.

रोमन नाणी आपल्या देशातही सापडतात. दक्षिणेत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची चांदी-सोन्याची नाणी निघाली आहेत. करूर, मदुराई या भागांत आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकांतले लहान तांबेही मिळाले आहे. आपला जुना ‘दीनार’ हा शब्दच देनारियसचा वंशज. पण शेतात किंवा नदीच्या पात्रात असे काही सापडले, तर ते खिशात घालू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि ते कोणाही खाजगी माणसाला देशाबाहेर पाठविता येत नाही. नाणे जमिनीतून चोरून काढले की ते कोणाबरोबर, किती खोल, कोणत्या मडक्यात होते हे कायमचे नाहीसे होते. उरते ती नुसती चकती.

आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात करारावर बोलण्यापूर्वी मी ही दोन शिपायांची दोन नाणी हातोहात फिरवितो. मुले प्रथम हसतात. मग कोणीतरी विचारते, “अण्णा, ह्याच्यात निशाण एकच का?” तेथून आमचा महागाई निर्देशांकाचा धडा सुरू होतो. तात्या आता हयात नाहीत. हा धडा त्यांचा आहे.

ती दोन नाणी, ऑरेलियनचे एक, आणि तीन हजारांचा तो खोटा टायबेरियस, अशी चार नाणी मी टेबलावर भिंगासह मांडून ठेवली आहेत. सभा संपल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी जरूर यावे, हातात घ्यावीत. मात्र प्रत्येक नाण्याची कड आधी पाहावी, चेहरा मागाहून.